धर्मग्रंथांचे यात्रिक विनोबा

पेण सोडून महाड-गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की उजव्या हातास खाडीचा सपाट, खारा मुलूख लागतो. वडखळ, डोलवी ही गावे याच मुलखातील. अंबा नदी त्यांच्या जवळून वाहत जाऊन धरमतरच्या खाडीस मिळते. डोलवीस आज पोलादाचा प्रचंड कारखाना उभा आहे; पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या बाजूस भाताची खाचरे, मिठागरे आणि भरतीचे पाणी अडविणारे मातीचे बांध, एवढेच काय ते दृष्टीस पडे. खाडीकडे पाठ करून डोंगराकडे चालू लागले, की देखावा पालटतो. जमीन चढू लागते, झाडी दाट होते. या डोंगराळ भागातच गागोदे नावाचे लहानसे खेडे आहे. त्या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने त्यांना विनोबा या नावाने ओळखले.

पेणचा परिसर हा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा भाग. १९८१ साली या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. या किनाऱ्यावर निरनिराळ्या धर्मांची माणसे शतकानुशतके शेजार करून राहिली. आगरी आणि कोळी होते, डोंगरात कातकरी आणि ठाकर होते, कोकणी मुसलमान होते, आणि बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदीही होते. हे बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवीत. परंतु शनिवार हा त्यांच्या धर्माप्रमाणे विश्रांतीचा दिवस, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. गावकऱ्यांनी त्यांना शनवार तेली असे नाव देऊन टाकले. यहुदी धर्म म्हणजे काय, हे ज्यांना कोणी कधी शिकविले नव्हते, त्यांनी त्या धर्मातील एक मुख्य आचार इतक्या सहजपणे ओळखून त्याला आपल्या भाषेत नाव दिले. परधर्माची ओळख बहुधा अशीच, शेजाऱ्याच्या बंद घाण्यावरून, होत असते.

विनायकाचे आजोबा शंभुराव हे गागोद्याचे इनामदार. वृत्तीने ते अत्यंत धार्मिक होते. चांद्रायण हे कठीण व्रत ते करीत. त्यात चंद्राच्या कलेबरोबर रोज एकेक घास वाढवावयाचा आणि वद्य पक्षात एकेक घास कमी करावयाचा असतो. चंद्र उगवल्यावर पूजा होई आणि झोपलेल्या नातवाला उठवून त्याच्या हातावर प्रसाद ठेवला जाई. गणेशचतुर्थीस ते घरीच गणपतीची मूर्ती करीत. त्यासाठी चंदन उगाळण्याचे काम मुलांकडे असे. ज्या मूर्तीसाठी हात दुखेपर्यंत चंदन उगाळले, जिची इतक्या प्रेमाने पूजा केली, तीच मूर्ती अखेर पाण्यात सोडून द्यावयाची, याचे बालवयात विनायकाला वाईट वाटे. पण देव त्या मूर्तीपुरता नाही, ही गोष्ट त्या विसर्जनानेच त्याच्या मनात रुजली. आवाहन आणि विसर्जन हे दोन शब्द विनोबांना पुढे मोठे मोलाचे वाटत आले, त्यांचे मूळ येथे आहे. ज्या पेणच्या गणेशमूर्ती आज देशोदेशी जातात, त्याच पेणच्या मुलखातील ही हकीकत आहे.

आई रुक्मिणीबाई यांचा विनायकावर विलक्षण परिणाम झाला. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या, परंतु संतांची अनेक पदे त्यांना मुखोद्गत होती. एकदा त्यांनी देवाला तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचा नेम केला. रोज बसून त्या एकेक दाणा मोजीत. वडील नरहरपंत यांनी रसायनशास्त्राचा व्यासंग केलेला. बडोद्यास ते नोकरीला होते. हिशेबी मनाच्या त्या गृहस्थांनी सुचविले, की एक तोळा तांदूळ घेऊन त्यातील दाणे मोजावेत, आणि त्या मानाने लाख दाण्यांचे वजन काढावे. हवे तर थोडे अधिक घालावेत, म्हणजे कमी पडण्याची भीती नको. रुक्मिणीबाईंना यावर काय बोलावे ते सुचेना. सायंकाळी मुलगा घरी आला तेव्हा त्यांनी ही अडचण त्याच्यापुढे मांडली. त्याने सांगितले, की हे काम गणिताचे नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण व्हावे एवढ्यासाठी ते मोजणे आहे. आईचे समाधान झाले.

हा प्रसंग लहान आहे, पण धर्मांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने तो नीट ध्यानात घ्यावा असा आहे. हिंदूंच्या जपमाळेत १०८ मणी असतात, मुसलमानांच्या तसबीहला बहुधा ९९ किंवा ३३ मणी असतात, रोमन कॅथलिक ख्रिस्ती लोक रोझरीची माळ ओढतात, बौद्ध भिक्षूही माळ फिरवितात. बाहेरून पाहणाऱ्याला सगळीकडे मोजदाद तेवढी दिसेल. स्मरण ही त्याच्या आतील वस्तू होय. बाहेरचा आचार आणि आतील भाव यांतील हा फरक विनोबांना कोणत्या ग्रंथातून प्रथम कळला नाही. तो घरच्या तांदळातून कळला.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास हे कुटुंब बडोद्यास गेले. तेथे विनायकाचे शिक्षण झाले. शाळेच्या अभ्यासापेक्षा ग्रंथालयातील वाचन आणि मित्रांबरोबरची लांबलांब पायपीट यांत त्याचे मन अधिक रमे. महाविद्यालयात असताना एके दिवशी त्याने आपली सर्व प्रशस्तिपत्रे आईसमोर चुलीत जाळून टाकली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईला निघाला, परंतु वाटेत सुरतेस उतरून त्याने काशीची गाडी धरली. ब्रह्माचे ज्ञान मिळवावे, हा त्याचा हेतू होता. काशीस असतानाच महात्मा गांधींच्या तेथील गाजलेल्या भाषणाची हकीकत त्याच्या कानी आली. पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब येथील आश्रमात दोघांची भेट झाली. विनोबा हे नाव आश्रमातच मिळाले.

आश्रमवासीयांनी पाळावयाच्या अकरा व्रतांमध्ये सत्य आणि अहिंसा यांच्या जोडीला आणखी एक व्रत होते. ते म्हणजे सर्व धर्मांविषयी समानभाव. या शब्दाचा अर्थ अनेकदा पातळ केला जातो. सर्व धर्म एकच आहेत, असे म्हणून त्यांतील कोणताही न वाचणे सोपे असते. विनोबांनी या व्रताचा अर्थ कष्टाचा घेतला. ज्या धर्माचा आदर करावयाचा, त्याचा ग्रंथ त्याच्या मूळ भाषेत वाचावयाचा, तोही पुनःपुन्हा, आणि त्या धर्माचा माणूस ज्या श्रद्धेने वाचतो त्या श्रद्धेने.

आरंभ अर्थात आपल्या घरापासून झाला. १९१७ साली आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन ते वाईस गेले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे यांचे त्यांनी अध्ययन केले. वर्ष भरताच ठरल्या दिवशी ते आश्रमात परत हजर झाले. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत आई गेली. संस्कृत कळत नाही म्हणून तिला गीता मराठीत हवी होती; मिळालेले भाषांतर तिला अवघड वाटले, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे तिने मुलाला विचारले होते. ती गेल्यावर बारा वर्षांनी विनोबांनी हे काम हाती घेतले. १९३० च्या अखेरीपासून १९३१ च्या आरंभापर्यंत त्यांनी सोप्या मराठीत समश्लोकी ‘गीताई’ रचली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर अठरा रविवारी प्रवचने दिली. त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ती आज आपल्याला वाचावयास मिळतात.

तौलनिक धर्माभ्यास ही विद्या युरोपात एकोणिसाव्या शतकात वाढली. माक्स म्यूलर यांच्या संपादकत्वाखाली पौर्वात्य धर्मग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांचे पन्नास खंड १८७९ पासून निघाले. महाराष्ट्रातून महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात या विषयाच्या अभ्यासासाठी गेले होते. विद्यापीठातील अभ्यासक धर्मांची तुलना करताना स्वतः अलिप्त राहतो. निरनिराळ्या वनस्पतींची पाने समोर मांडून ती तपासावी, तसा तो धर्मग्रंथ तपासतो. ही पद्धत फार उपयोगाची आहे. तिच्यावाचून पुष्कळ चुकीच्या समजुती तशाच राहिल्या असत्या. विनोबांची रीत निराळी होती. ते ग्रंथाच्या आत जाऊन बसत. तुलना करण्याची त्यांना घाई नसे.

वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी कुराणाच्या अध्ययनास हात घातला. प्रथम इंग्रजी भाषांतरे वाचली. पण त्यांवर समाधान होईना, म्हणून अरबी भाषा शिकण्यास आरंभ केला. अरबीतील कंठातून निघणारे काही वर्ण मराठी जिभेला अपरिचित आहेत. ते शुद्ध यावेत म्हणून त्यांनी फार परिश्रम घेतले. कुराणातील एक सोडून प्रत्येक सूरेच्या आरंभी परमेश्वराला रहमान आणि रहीम या नावांनी संबोधिले आहे. दोन्ही शब्द दयेच्या एकाच धातूपासून झाले आहेत. बुद्धाची करुणा आणि ख्रिस्ताचे प्रेम यांच्या शेजारी विनोबांनी ही रहम मांडली. इस्लाम या शब्दाच्या मुळाशी शांती आणि ईश्वराच्या ठायी शरणता हे दोन्ही अर्थ आहेत. जकात म्हणजे आपल्या मिळकतीतील नियमाने द्यावयाचा भाग. मराठीत जकात म्हटले की आपल्याला नाक्यावर घेतला जाणारा कर आठवतो. मूळ शब्दात मात्र शुद्धीचा अर्थ आहे. शब्द परक्या मुलखात गेला म्हणजे त्याचा आत्मा कसा हरवतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

१९४२ च्या लढ्यानंतर तुरुंगात त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचे अध्ययन केले, आणि त्या त्या भाषेतील संतांचे वाङ्मय वाचले. पुढे आसामात गेल्यावर असमिया शिकून माधवदेवांच्या नामघोषेचे सार काढले. शिखांच्या जपुजीवर त्यांनी विवरण केले. पाली भाषेतील धम्मपदात ४२३ गाथा असून त्या २६ वर्गांत विभागलेल्या आहेत. विषयांची संगती लागावी म्हणून त्यांनी त्या गाथांचा नवा क्रम लावला. निर्वाण हा बौद्धांचा शब्द आणि ब्रह्मनिर्वाण हा गीतेतील शब्द. एक नकाराच्या वाटेने जातो, दुसरा होकाराच्या. परंतु वासना विझून गेल्यानंतरची ती अवस्था दोघांनीही डोळ्यांसमोर ठेवली आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

हे सर्व अध्ययन एकांतात बसून झाले असते, तर विनोबा केवळ थोर पंडित म्हणून ओळखले गेले असते. त्याची परीक्षा मात्र उघड्या रस्त्यावर झाली. १९४७ च्या फाळणीत लाखो माणसे बेघर झाली. दिल्लीच्या दक्षिणेस मेवात नावाचा प्रदेश आहे. तेथील मेव मुसलमानांवर घरेदारे सोडण्याची पाळी आली होती. गांधीजींच्या मृत्यूनंतर १९४८ साली पंडित नेहरूंच्या विनंतीवरून विनोबा निर्वासितांच्या कार्यासाठी गेले आणि या मेवांना पुन्हा त्यांच्या गावी वसविण्याचे अवघड काम त्यांनी केले. एकीकडे पाकिस्तानातून सर्वस्व गमावून आलेले हिंदू आणि शीख, दुसरीकडे भीतीने गाव सोडलेले मुसलमान. दोघांचेही दुःख खरे होते. त्याच वर्षी ते अजमेरला गेले आणि ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात राहिले. तेथे त्यांच्या प्रार्थनेस हिंदू आणि मुसलमान मोठ्या संख्येने जमत. रक्ताचे डाग अजून सुकले नव्हते, अशा वेळची ही गोष्ट आहे.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदान चळवळीस आरंभ झाला, आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे विनोबा देशभर पायी हिंडले. या यात्रेत मिळालेल्या लाखो एकरांपैकी बरीच जमीन नापीक निघाली वा वाटली गेली नाही, हे खरेच आहे, आणि त्याचा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. येथे पाहावयाचे ते याच यात्रेत देवळांच्या दारांत घडलेले प्रसंग.

सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारमधील वैद्यनाथधाम येथे ते हरिजनांसह दर्शनास गेले. हे देवस्थान आता झारखंड राज्यात आहे. आत नेण्याविषयी त्यांना आधी अनुकूल निरोप मिळाला होता. तरी पंड्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. सोबत्यांनी पुष्कळ वार आपल्या अंगावर झेलले, तथापि एक तडाखा विनोबांच्या कानावर बसला, आणि त्या कानाला पुढे नीट ऐकू येईनासे झाले. मारणाऱ्यांनी हे अज्ञानाने केले आहे, त्यांना शिक्षा होऊ नये, अशी इच्छा त्यांनी प्रकट केली. १९५५ साली जगन्नाथपुरीस त्यांच्याबरोबर एक फ्रेंच बाई होत्या. त्यांना आत घेण्यास नकार मिळाला, तेव्हा विनोबाही दर्शन न घेता मागे फिरले. केरळात गुरुवायूरच्या देवळाबाहेरूनही एका ख्रिस्ती सोबत्यासाठी ते असेच परतले. त्यांचा आग्रह एवढाच होता, की जेथे बरोबरच्या माणसाला मज्जाव, तेथे आपणही जावयाचे नाही. दाराला धक्का मात्र द्यावयाचा नाही.

मग आले पंढरपूर. पंढरीचा विठ्ठल म्हणजे महाराष्ट्राचे माहेर. याच देवळाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले होते. आता १९५८ च्या मे महिन्यात विनोबा तेथे येत होते, आणि त्यांच्या सोबत्यांत मुसलमान आणि ख्रिस्तीही होते. गावात चर्चा चालली होती, की विनोबा या सर्वांना घेऊन देवळात घुसणार. त्यांनी आधीच स्पष्ट केले, की प्रवेशाचा हट्ट आपण धरणार नाही. जेथे आपण आहोत तेथे विठ्ठलही आहे. ज्ञानदेव आणि तुकोबा ज्यांच्या नित्य पाठात, ज्यांची आई विठ्ठलाची पदे म्हणत वाढली, त्यांनी पंढरपुरात येऊन दर्शनावाचून परत जाण्याची तयारी ठेवावी, याचा अर्थ वारकऱ्याच्या घरातील मुलाला सांगावयास नको. अखेर बडव्यांनी आणि देवस्थानाच्या मंडळींनी आपण होऊन, सर्व सोबत्यांसह दर्शनास यावे, असे लेखी निमंत्रण पाठविले. विनोबा सर्वांना घेऊन आत गेले. फातिमा नावाची मुसलमान मुलगी होती, जर्मनीची एक ख्रिस्ती मुलगी होती. विठ्ठलाच्या पायांवर मस्तक ठेवताना विनोबांच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या होत्या. त्या दोन मुलींनीही तेच पाय शिवले.

दर्शन, तीर्थ, यात्रा हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातील आहेत. मक्केची हज, बौद्धांची बोधगया, ख्रिस्ती व यहुदी यांचे जेरुसलेम या सर्वांच्या मुळाशी घर सोडून पवित्र स्थळी चालत जाण्याची तीच ओढ आहे. पण यात्रेला निघालेला माणूस दारातून परत फिरविला गेला तर त्या स्थळाचे पावित्र्य वाढते की घटते, हा प्रश्न पुरीला, गुरुवायूरला आणि पंढरपूरला उभा राहिला. प्रत्येक ठिकाणी उत्तर निराळे आले.

सप्टेंबर १९६२ मध्ये विनोबा पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, पायी चालत गेले, आणि तेथील मुसलमान शेतकऱ्यांनीही त्यांना भूमिदान दिले. ‘कुराण-सार’ याच सुमारास प्रसिद्ध झाले. ते बाहेर पडण्यापूर्वीच पाकिस्तानातील वृत्तपत्रांत त्यावर टीका झाली. एका हिंदूने कुराणातून वेचे काढावेत, ही कल्पनाच काहींना सहन झाली नाही. ही शंका अगदीच अनाठायी होती असे म्हणता येत नाही. ज्या ग्रंथाचे प्रत्येक अक्षर भक्ताला पवित्र, त्यातील काही घ्यावयाचे आणि काही सोडावयाचे, हा अधिकार कोणाचा, असे कोणीही विचारील. विनोबांनी आपले एक अक्षरही त्यात घातले नाही. आयता मूळ अरबीतील, क्रम मात्र विषयवार. पुस्तक हाती आल्यावर अनेक मुसलमान विद्वानांनी त्याचे स्वागत केले. नव्या करारावरून ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार झाले तेही याच रीतीने. मनुस्मृतीच्या बाबतीत निवड अधिक कठोर होती; विषमतेची वचने त्यांनी बाजूस ठेवली. जुने ते सारेच डोक्यावर घ्यावयाचे, असा त्यांचा समभाव नव्हता.

जैन धर्माच्या बाबतीत अडचण वेगळी होती. दिगंबर आणि श्वेतांबर या पंथांना सारखाच मान्य होईल असा एक ग्रंथ हवा होता. महावीरांच्या निर्वाणास २५०० वर्षे होत होती. विनोबांनी जैन मुनींच्या मागे सतत लकडा लावला. जिनेंद्र वर्णी यांनी प्राकृत गाथांचे संकलन केले. १९७४ साली दिल्लीत निरनिराळ्या पंथांचे मुनी आणि विद्वान एकत्र बसले, आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सर्वांनी मान्य केला. एखाद्या वस्तूला अनेक बाजू असतात, म्हणून आपल्याला दिसलेली बाजू तीच पूर्ण मानू नये, हे जैनांचे अनेकान्ताचे तत्त्व. सत्याचा आग्रह धरण्यापेक्षा जेथे सत्य दिसेल तेथून ते ग्रहण करावे, ही दृष्टी आपल्याला महावीरांपासून लाभली, असे विनोबा मानीत. विशेष हे, की ज्या अनेकान्ताने सगळ्यांची मते समजून घ्यावयास शिकविले, त्याच्याच अनुयायांना एका ग्रंथावर एकत्र आणण्यास इतकी शतके लागली.

यात्रा संपवून ते १९६४ साली वर्ध्याजवळील पवनार येथे आपल्या परंधाम आश्रमात परतले. धाम नदीच्या काठी हा आश्रम आहे. येथील रोजच्या प्रार्थनेसाठी त्यांनी ईश्वराच्या नावांची एक माला रचली होती. तीत नारायण आहे आणि रहीम आहे; बुद्ध आहे; पारशांचा मज्द, यहुद्यांचा यह्व, ख्रिस्ताचा पिता प्रभू आणि चीनचा ताओ आहे. लहान मुलालाही ती दोन-तीन दिवसांत पाठ होते.

१९८२ च्या नोव्हेंबरात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. प्रकृती सुधारण्याची चिन्हे दिसू लागली होती. तरी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः येऊन भेटल्या. विनोबांचा निर्णय बदलला नाही. भोवतालची मंडळी या कृतीला आपापल्या परीने नाव देत होती. संस्कृतज्ञ तिला प्रायोपवेशन म्हणत, जैन बांधव सल्लेखना किंवा संथारा म्हणत. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी सकाळी विनोबांनी देह ठेवला. तो दिवाळीचा दिवस होता. जैन लोक त्या दिवशी महावीरांच्या निर्वाणाचे दिवे लावतात.